गल्ल्याची किल्ली

आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला पहाटे माल उचलायला रोख पैसे लागतात. ते गाठीला नसले की ती उसने घेते, आणि अनेक बाजारांत त्याची रीत ठरून गेलेली आहे. सकाळी ९०० रुपये हातात पडतात, संध्याकाळी बाजार उठताना १,००० मोजून परत द्यायचे. दिवसाला १०० रुपये ऐकायला फार वाटत नाहीत. पण जी बाई आठवड्यात पाच गावांचे बाजार करते तिचे आठवड्याला ५०० जातात आणि वर्षातले ५० आठवडे धरले तर २५,०००. एवढे भरूनही वर्षाअखेरीस तिचं भांडवल तेच ९०० रुपये असतं, आणि तेही दुसऱ्याचंच.

या बाईला धंदा शिकवायची फारशी गरज नसते. माल पारखणं, गिऱ्हाईक ओळखणं, कुणाची उधारी किती हे तोंडपाठ ठेवणं तिला येतं. तिचं अडतं ते दुसरीकडे. स्वस्त पैसा तिला मिळत नाही, कारण तारण ठेवायला तिच्या नावावर काही नसतं. बँकेत जायचं तर मजुरी किंवा बाजार बुडतो. आणि दिवसभर कमावलेलं घरी गेल्यावर तिच्याच हातात राहील याची खात्री नसते.

स्त्रियांना आपल्या पायावर उभं करण्याच्या पुष्कळ योजना येऊन गेल्या. त्यांतल्या ज्या टिकल्या आणि वाढल्या, त्यांनी या तीन अडचणींवर नेमकं बोट ठेवलं : भांडवल कुठून येणार, काम कोणत्या वेळात होणार, आणि आलेला पैसा कुणाकडे राहणार. महाराष्ट्रात याची तीन ठसठशीत उदाहरणं आहेत. एक गिरगावातलं, एक गिरणगावातलं आणि एक माणदेशातलं. तिन्ही ठिकाणच्या बाया वेगळ्या, भाषा वेगळी, काळही वेगळा. संस्था मात्र प्रत्येक वेळी बाईच्या दिवसाच्या मापाने बेतली गेली.

गिरगावची गच्ची

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकी एक. शिक्षण बेताचं, घराबाहेर नोकरी करण्याची रीत नाही, आणि दुपारचे काही तास मोकळे. हाताशी असलेलं कसब एकच, स्वयंपाकाचं. छगनबापा म्हणून ओळखले जाणारे सामाजिक कार्यकर्ते छगनलाल पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. सुरुवात पापडाच्या चार पाकिटांनी झाली, आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विकली गेली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती.

छगनबापांनी पैशाइतकाच मोलाचा सल्ला दिला. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवा. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, असं तर या बायकांनी आधीच ठरवलं होतं. समाजकार्य म्हणून लोकांनी दयेने विकत घ्यावं असा हा पापड नव्हता. बाजारात इतर पापडांच्या शेजारी उभं राहायचं आणि चवीवर खपायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात काम चार महिने बंद पडलं, कारण गच्चीवर ऊनच नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली शेगडी ठेवायची. घरगुती उपाय, पण त्याने हंगामी कामाचं बारमाही काम झालं. सुरुवातीला शाळकरी वयाच्या मुलीही लाटायला येत. पुढे सभासदत्वासाठी किमान १८ वर्षांची अट घालण्यात आली. आईची कमाई मुलीच्या शाळेवर उठू नये यासाठी ही अट फार महत्त्वाची होती.

‘लिज्जत’ हे नाव १९६२ मध्ये आलं. सभासद बहिणींनाच नाव सुचवायला सांगितलं होतं आणि निवडलेल्या नावाला बक्षीस होतं ५ रुपयांचं. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली.

श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापडची खरी कल्पकता तिच्या रोजच्या कामाच्या मांडणीत आहे. पीठ शाखेत एका ठिकाणी मळलं जातं, त्यामुळे मुंबईतल्या आणि दूरच्या शाखेतल्या पापडाची चव सारखी राहते. बाई सकाळी शाखेत जाते, आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड देते, वजन होतं, लाटणावळ मिळते आणि नवं पीठ घेऊन ती घरी येते. अनेक ठिकाणी तिला न्यायला-आणायला गाडी असते. लाटायचं काम ती आपल्या सोयीने करते, मूल निजल्यावर किंवा जेवणं आटोपल्यावर. कमी लाटले तर कमी पैसे, पण काम सुटत नाही. आजारपण आलं, बाळंतपण आलं, तरी पुन्हा पीठ घ्यायला येता येतं.

प्रत्येक सभासद बहीण मालकीण असते. पुरुष पगारी नोकर असू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. कारभार २१ जणींची समिती पाहते आणि शाखेची संचालिका होणाऱ्या बाईनेही कधीतरी पापड लाटलेले असतात. आज सुमारे ४५,००० स्त्रिया या संस्थेत आहेत. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पापड लाटायला लावून बाईला पुन्हा पोळपाटाशीच बसवलं, असा तो आक्षेप. घरच्या कामात आणखी एका कामाची भर पडली हे खरंच आहे. पण सकाळी शाखेत रोख मजुरी स्वतःच्या हातात घेणं, वर्षाच्या नफ्यात वाटा असणं आणि सभेत मत असणं, या गोष्टी त्या बाईला आधी कोणत्याच कामाने दिल्या नव्हत्या.

गिरणगावच्या खाणावळी

गिरगावपासून काही मैलांवर परळ-लालबाग पसरलेलं आहे. तिथल्या कापडगिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार होते. बहुतेकांची बायकामुलं गावी, आणि ते स्वतः एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. त्यांना दोन वेळचं जेवण देणाऱ्या बायका म्हणजे खाणावळवाल्या. दहा बाय दहाच्या खोलीत चूल, तिथेच संसार आणि तिथेच पंगत. पाळ्या बदलत तशा जेवणाच्या वेळा बदलत आणि बाईचा दिवस पहाटे चारला सुरू होऊन रात्री बारानंतर संपे.

कामगार जेवणाचे पैसे पगार झाल्यावर महिन्याने देत. तोवर धान्य, तेल, रॉकेल उधारीवर आणावं लागे. उधारी म्हणजे वाण्याचा दर, वाण्याचं माप आणि वाणी देईल तो माल. संप झाला की कामगारांचे पगार थांबत, पण भूक थांबत नसे. त्या दिवसांत या बायकांनी उधारीवर ताटं वाढली आणि त्यापायी दागिने, भांडी गहाण टाकली. गिरणी कामगारांच्या लढ्याच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं ठळक आहेत. संपकऱ्यांना जगवणाऱ्या या कर्जबाजारी बायकांचा उल्लेख त्यात क्वचितच सापडतो.

प्रेमा पुरव यांनी त्यांना पाहिलं. मूळच्या गोव्याच्या प्रेमाताई मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या होत्या. १९७५ मध्ये त्यांनी खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, आणि १९७२ पासून सरकारी बँका दुर्बल घटकांना ४ टक्के व्याजाने कर्ज देऊ लागल्या होत्या. कायद्याने दार उघडलं होतं, पण खाणावळवालीला त्या दारापर्यंत कुणी नेत नव्हतं. तारण द्यायला भाड्याच्या खोलीशिवाय काही नव्हतं.

मंडळाने तारणाच्या जागी शेजारणी उभ्या केल्या. एका गल्लीतल्या बायकांचा गट करायचा, एकीच्या कर्जाला दुसऱ्यांनी जामीन राहायचं. चाळीत कोण किती जेवणं घालतं, कुणाचा नवरा कसा, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे शेजारणीइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बँक ऑफ बडोदाने या भरवशावर बायकांना कर्जं दिली. वाण्याची उधारी फिटली, रोखीने घाऊक धान्य येऊ लागलं आणि ताटामागे चार पैसे सुटू लागले.

मग जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधीच चालल्या नाहीत. कामगार गावी परतले आणि खाणावळींचं गिऱ्हाईक संपलं. एकट्या बाईची खाणावळ असती तर तिथेच मिटली असती. मंडळ होतं म्हणून नवी गिऱ्हाइकं शोधता आली : कार्यालयांचे डबे, उपाहारगृहं, समारंभांची जेवणं. कसब तेच राहिलं, बाजार बदलला. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

माणदेशातली बँक

माण तालुका सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि बेभरवशाचा. मेंढरं, शेळ्या, घोंगड्या आणि कामासाठी परगावी जाणारी माणसं ही इथली जुनी ओळख. म्हसवडला सासर असलेल्या चेतना सिन्हा मुंबईत वाढल्या आणि जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून सामाजिक कामात आल्या. १९९० च्या दशकात गावातली एक कष्टकरी बाई त्यांच्याकडे आली. तिला बँकेत खातं उघडायचं होतं. पावसाळ्याआधी डोक्यावर ताडपत्री घालता यावी म्हणून थोडे थोडे पैसे साठवायचे होते. बँकेने एवढ्या लहान रकमेचं खातं उघडायला नकार दिला होता. तिला कर्ज नको होतं, अनुदान नको होतं. तिचेच पैसे सुरक्षित ठेवायला जागा हवी होती.

त्यातून स्त्रियांची स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उमटवले होते. म्हसवडला साक्षरता वर्ग सुरू झाले, आणि दिवसभर राबून आलेल्या बायका तिथे अक्षरं गिरवू लागल्या. काही महिन्यांनी दुसऱ्या अर्जाच्या वेळी चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत, बायकाही सोबत गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. वाचता येत नसलं तरी हिशेब येतो. कोणत्याही मुद्दलावरचं व्याज काढायला सांगा आणि तुमच्या माणसांनाही गणकयंत्राशिवाय काढायला सांगा, मग पाहा. १९९७ मध्ये परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही वाट थोडी मळलेली होती. अहमदाबादेत इला भट यांच्या ‘सेवा’ संघटनेने १९७४ मध्ये असंच केलं होतं. ४,००० कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन स्वतःची बँक काढली होती. निरक्षर खातेदार ओळखायची कशी, हा प्रश्न तिथेही आला. मग बाईच्या हातात खातेक्रमांकाची पाटी देऊन तिचं छायाचित्र काढलं आणि ते सहीच्या जागी चालवलं.

म्हसवडच्या बँकेसमोर वेगळे पेच आले. बाई बँकेत आली तर तिचा दिवस बुडतो, म्हणून बँकेची माणसं बाजारात आणि घरोघरी जाऊन बचत गोळा करू लागली. दुसरा पेच अधिक नाजूक होता. घरात पासबुक सापडलं की त्यातला आकडा नवऱ्याला दिसतो आणि पैसे काढून आणायचा तगादा सुरू होतो. कित्येक बायकांना म्हणून पासबुक घरी नकोच होतं. बँकेच्या दृष्टीने पासबुक ही ग्राहकाची सोय होती. या बायकांच्या दृष्टीने ती जोखीम होती. आकडा चारचौघांत उघडा पडणार नाही अशी कार्डाची आणि घरपोच व्यवहाराची पद्धत आणावी लागली, आणि ती बायकांच्या सांगण्यावरून आणली गेली.

कर्जामागोमाग प्रशिक्षण आलं. २००६ पासून संस्थेने ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशाळा चालवली आणि पुढे ती बसमध्ये घालून गावोगाव नेली. शिवण, शेळीपालन, खाद्यपदार्थ यांच्या जोडीला भाव कसा ठरवायचा, खर्चात स्वतःची मजुरी कशी धरायची, नफा आणि गल्ला वेगळे का ठेवायचे, हे तिथे शिकवलं जातं. यातली मजुरी धरण्याची गोष्ट फार कळीची आहे. घरचं पीठ, घरचं सरपण, घरचे हात असं म्हणत बाई स्वतःच्या कष्टाची किंमत शून्य लावते आणि तोट्यातला धंदा नफ्याचा समजून वर्षानुवर्षं करत राहते.

गावकऱ्यांचं स्वतःचं रेडिओ केंद्रही म्हसवडला सुरू झालं. २०१२-१३ च्या दुष्काळात शेतकरी बायका चाऱ्यासाठी सोनं गहाण टाकायला बँकेत येऊ लागल्या. चारा आणि पाणीच नसेल तर सोन्यावरचं कर्ज काय कामाचं, हा प्रश्न त्यांनीच विचारला. संस्थेने चारा छावणी काढली आणि हजारो जनावरं तगली. शेळीमेंढीवर जगणाऱ्या घरात जनावर मेलं की बाईचा उद्योगच मरतो, त्यामुळे छावणी हे बँकेचं काम ठरलं. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षा सगळ्या स्त्रिया होत्या. चेतना सिन्हा त्यांच्यापैकी एक.

नुसतं कर्ज

बाईला कर्ज दिलं की काम झालं, हा समज किती महागात पडतो ते आंध्र प्रदेशने पाहिलं. तिथे खासगी कंपन्यांनी लहान कर्जांचा सपाटा लावला. एकाच घरात चार-पाच कंपन्यांची कर्जं गेली, आठवड्याचे हप्ते बसले आणि गटातल्या बायकांनाच एकमेकींच्या वसुलीला जुंपलं गेलं. आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला अध्यादेश काढून वसुलीला लगाम घालावा लागला.

गिरणगावातही शेजारणीच जामीन होत्या, मग फरक कुठे पडला? अन्नपूर्णाची कर्जं चालू धंद्याला होती. दरमहा जेवणाचे पैसे येणार हे ठरलेलं होतं, व्याज कमी होतं आणि गट बायकांच्या मालकीचा होता. आंध्रात अनेक कर्जं लग्न, आजारपण, जुनी देणी यांत गेली. हप्ता काढायला उत्पन्नच नव्हतं, आणि ज्या गटावर भार टाकला त्याला कंपनीच्या कारभारात कोणताही आवाज नव्हता. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला, तेव्हा आधी बचत आणि मग कर्ज हा क्रम ठेवला होता. महिनोन्‌महिने स्वतःचे पैसे जमवून, एकमेकींना देऊन, परत घेऊन बायकांचा हात बसायचा. तो क्रम उलटा झाला की गट बायकांचा राहत नाही, वसुलीचा होतो.

मुलगी आणि रस्ता

आईच्या गल्ल्यातून मुलीची फी निघते, पण तेवढ्याने मुलगी शाळेत पोचत नाही. गावात शाळा सातवीपर्यंत आणि पुढची काही किलोमीटरवर असली की मुलीचं शिक्षण तिथेच थांबतं. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली होती, आणि वाढ मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत होती. पुस्तकं तीच, शिक्षक तेच. मधलं अंतर तेवढं कमी झालं.

म्हसवडच्या संस्थेनेही माणमधल्या मुलींना सायकली दिल्या. महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. पण तो पास शाळेच्या वेळेला गाडी आली तरच कामाचा. गाडी दुपारी दोनला आणि शाळा सकाळी अकराला असेल तर मुलगी घरीच राहते. म्हणून गावातल्या बचत गटाने एसटीच्या आगारात जाऊन वेळ बदलून घेणं हेसुद्धा मुलींच्या शिक्षणाचंच काम आहे.

सातबाऱ्यावरचं नाव

या सगळ्यांच्या मुळाशी तारणाचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. गिरणगावात शेजारणी तारण झाल्या, म्हसवडात बचत झाली, कारण जमीन बायकांच्या नावावर नव्हती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला. शेतकऱ्याने जमिनीचा एक भाग स्वतःहून बायकोच्या नावावर करायचा, आणि अशी १०० कुटुंबं झाली की ते गाव लक्ष्मीमुक्त जाहीर व्हायचं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला. साऱ्या देशात तो २००५ मध्ये आला. २०२१ पासून राज्यात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते.

कायदा असूनही अनेक घरांत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि माहेर तुटू नये म्हणून ती करते. नवऱ्याच्या जमिनीवर ती आयुष्यभर राबते, पण सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्ज, विम्याची भरपाई, ठिबकचं अनुदान यांपैकी काहीही तिच्या नावे येत नाही. नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी तिला तलाठी कार्यालयाचे खेटे घालावे लागतात. माणदेशात आणि इतरत्र संस्थांनी घरावर, जमिनीवर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावून घेण्याच्या मोहिमा काढल्या त्या यासाठी. ज्या गावात बचत गट जुने आणि मुरलेले आहेत, तिथे हे काम सोपं जातं. बाया एकत्र तलाठ्याकडे जातात, अर्जाची पोच घेतात, आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत त्या अर्जाचं काय झालं हे वहीत लिहून ठेवतात.